बाहेरून लागलेली पाच दारं

१

नगर परिषदेच्या सचिवबाईंना पहिला फोन सकाळी साडेसहाला आला. फोन डॉक्टरांचा होता.

"बाई, माझ्या घराला कोणीतरी बाहेरून कुलूप घातलंय. दाराखालून चिठ्ठी सरकवली आहे."

"वाचा."

"'आज चारच्या सभेला जाऊ नका. दार बाहेरूनही लागतं.' छापलेली आहे, सही नाही. शेजाऱ्यांना हाका मारून घसा बसला माझा."

सातपर्यंत असे पाच फोन झाले. डॉक्टर, बेकरीवाले, छापखानेवाले, निवृत्त ड्रायव्हर आणि शिंपी हे पाचही जण परिषदेचे सभासद. पाचही घरं एकाच जुन्या वस्तीतली, एकमेकांना चिकटून असलेली, एका दाराची आणि खिडक्यांना गज असलेली. शिंप्याच्या घरी तर तो स्वतः आंघोळीला बसलेला आणि त्याची सून कडेवर तान्हं मूल घेऊन पाऊण तास आतून दार बडवत होती. शेवटी समोरच्या लोहाराने कुलूप फोडलं.

सचिवबाईंना गावात 'कानामात्रा' म्हणत, कारण त्यांच्या कागदात कधी कानामात्रेचा फरक सापडला नव्हता. नाव तोंडावर कोणी घेत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आज मात्र त्यांनी चहा अर्धा टाकला आणि केस बांधायच्या आधी पायात चपला घातल्या.

सभेपुढे एकच ठराव होता. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या गिरणीत संप झाला, आत ठाण मांडून बसलेल्या अकरा मुली आगीत गुदमरून गेल्या. फाटक बाहेरून बंद होतं. ते कोणाच्या हुकमावरून, हे परिषदेच्या एका सीलबंद वहीत आहे असं सगळे म्हणत आणि वही कोणीच उघडत नसे. गिरणी आजही निम्म्या गावाचं पोट भरते, मग कोण कशाला हात घालतो! ठराव मांडला होता मास्तरीणबाईंनी. त्या अकरांतली एक त्यांची थोरली बहीण. वही उघडा, भर सभेत वाचा आणि परिषदेने माफी मागा, एवढंच त्यांचं म्हणणं.

नऊ सभासदांपैकी पाच मतं हवी होती आणि परिषदेची मुदत आजच संपत होती. ठराव आज झाला तर झाला, नाहीतर वही पुन्हा कपाटात.

२

दहा वाजता सभागृहात सगळे जमले आणि एकच गलका झाला. फौजदार येऊन गेले होते. कुलपं कुठल्याही दुकानात मिळतात तसली, चिठ्ठ्या गावात दहा ठिकाणी छापून मिळतात तसल्या, आणि पहाटे वस्तीत अनोळखी माणूस कोणी पाहिला नाही, असं त्यांनी सांगितलं.

"आठवड्याभरात छडा लावतो," ते म्हणाले होते.

"सभा चारला आहे," सचिवबाई म्हणाल्या होत्या. त्यावर त्यांनी फक्त टोपी डोक्यावर ठेवली होती.

सगळ्यांत जास्त आवाज शिंप्याचा होता. "मी तर ठरावाच्या विरोधात आहे! गिरणीचे गणवेश शिवतो मी, मी कशाला पाठिंबा देईन? तीन आठवड्यांपूर्वी मास्तरीणबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मी माझी खुर्ची दिली त्यांना. तेव्हापासून खिडकीजवळचं वारं खातोय. त्यात आता हे कुलूप! म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं!"

बेकरीवाले कोपऱ्यातून सावकाश बोलले. "मला एक सांगा. ठराव मांडणारीच्या दाराला कुलूप का नाही?"

मास्तरीणबाई चार नंबरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी उजवा कान पुढे केला, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं.

"ते मला कसं ठाऊक असणार?" त्या म्हणाल्या.

"आम्हाला पुढे करायचं, घाबरवायचं, मग गावभर सहानुभूती मिळवायची. निवडणूक तोंडावर आहे, बाई. आम्ही काय दूधखुळे आहोत?" बेकरीवाले उठले. "मी चारला येणार नाही. माझ्या घरी म्हातारी आई आहे."

ते जिना उतरून गेले. अध्यक्ष गोगलगायीसारखे आत ओढलेले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी सचिवबाईंना बाजूला घेतलं.

"बाई, ठरावाला पाठिंबा कोणाचा ते आधी गुप्त असतं. पाठिंबा देणाऱ्यांची यादी तुमच्या खोलीत होती. चारच्या आत मला माणूस हवा. नाहीतर मी सभा तहकूब करतो, आणि मग लोक एकतर मास्तरीणबाईंचं नाव घेतील, नाहीतर तुमचं."

३

सचिवबाईंची खोली तळमजल्यावर, सभागृह दुसऱ्या मजल्यावर. खोलीत आल्यावर त्यांनी टेबलाचा खण ओढला. कच्ची वही जागच्या जागी होती आणि खणाला कुलूप नव्हतं. ते कधीच नसे. सचिवबाई स्वतःवरच चिडल्या.

परवा पाच सभासद एकेक करून आले होते आणि पाठिंबा सांगून गेले होते. त्यांनी ते वहीत टिपलं होतं: १, ३, ४, ६, ८. कच्च्या वहीत नावं लिहायची नाहीत, सभागृहातल्या खुर्च्यांचे नंबर लिहायचे, ही त्यांच्याआधीच्या सचिवांनी घालून दिलेली रीत होती. चुकून कोणाच्या हाती वही लागली तरी काही कळू नये म्हणून.

ते जुने सचिव म्हणजे काका. बाई अठराव्या वर्षी इथे चिकटल्या तेव्हा त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं. निवृत्तीनंतरही ते रोज पहाटे गावाला फेरी मारत, मग दहाला इथे येत आणि तळमजल्यावरच्या दप्तरांच्या खोलीत बसून सगळे कागद वाचत. जिना चढणं गुडघ्यांमुळे दीड वर्षापूर्वीच सुटलं होतं. बाईंनी लिहिलेल्या कागदावर त्यांची नजर फिरल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे.

बाई त्यांच्याकडे गेल्या. अडलं की त्या नेहमीच जात.

"ऐकलं सगळं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "पोरी, सरळ बघ. पाच दारांना कुलूप, एकाला नाही. ज्याचं दार उघडं, त्याच्याकडे जा."

"मास्तरीणबाई असं करणार नाहीत, काका. आणि शिंपी तर म्हणतो, मी पाठिंबाच दिला नाही."

"म्हणणारच. पाठिंबा द्यायचा आणि कुलूप दिसलं की हात झटकायचे. खोटारडा आहे तो."

"तुम्हाला असं वाटतं?" शिंपी पाठिंबा द्यायला आलाच नव्हता हे बाईंना ठाऊक होतं, पण यादी गुप्त होती.

"वाटायचं काय त्यात? मी चाळीस वर्षं सभासद पाहिलेत." त्यांनी कागद पुढे ओढला. "आणि नोंदीबाहेरच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस. जे नोंदीत नाही ते घडलंच नाही, किती वेळा सांगितलंय तुला?"

बाई परत आल्या, पण बोलण्यातलं काहीतरी त्यांना बोचत राहिलं. काय ते सापडेना. घड्याळात साडेअकरा झाले होते.

४

काल दिवसभरात त्यांच्या खोलीत तिघे आले होते. शिपाई, बातमीदार आणि गिरणीचे वकील. बाईंनी तिघांना एकेक करून बोलावलं.

शिपाई पन्नाशीचा, परिषदेचा जुना माणूस. तो आला तोच रडवेला होऊन. "बाई, मी तुमच्या खणाला हात लावीन का? आणि मला लावायचाच असता तर वहीची गरज काय? दोघांनी खुर्च्या बदलल्या तेव्हा टेबलावरच्या पाट्या मीच उचलून ठेवल्या, सभागृहाच्या दारावरचा खुर्च्यांचा तक्ताही मीच बदलला. जुना फाडून टाकला. कोण कुठे बसतं ते मला झोपेत विचारा."

"तू त्या दिवशी मला सांगितलंस का, की नोंद करा म्हणून?"

"तुम्हीच म्हणालात, सोयीसाठी केलंय, त्याची कसली नोंद."

बाई ओशाळल्या. हे खरं होतं. कानामात्रेने काना सोडला होता.

बातमीदार हसत आला. "मी कुलूप घालीन? बाई, मला सभा हवी आहे. मतदान नाही झालं तर उद्याच्या अंकात मी काय छापू, हवामान? शिवाय मी तीन आठवडे गॅलरीत बसून शिंप्याला शिंकताना बघतोय." त्याने पहाटेची हकीगत सांगितली. तो छापखान्यात होता, चार कामगार साक्षीला होते.

वकील सगळ्यांत शेवटी आले आणि न सांगता खुर्चीत बसले. त्यांचे बूट चकचकीत होते आणि चेहरा त्याहून. बाईंना हा माणूस कधीच आवडला नव्हता. तोच सापडावा, अशी त्यांनी मनोमन इच्छा केली, आणि मग स्वतःलाच दटावलं.

"काल तुम्हाला विषयपत्रिकेची प्रत द्यायला मी कपाटाकडे गेले. दहा मिनिटं तुम्ही इथे एकटे होतात."

"होतो. वही पाहिली," वकील म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं.

"खण उघडा होता, मी वही वाचली. त्यात आकडे होते. मी वर गेलो, सभागृहाच्या दारावरचा तक्ता पाहिला आणि नावं लावली. मालकांना कळवलीही. चांगलं वागलो असं म्हणत नाही. पण मी लोकांच्या घरी कुलपं लावत फिरत नाही. मला कोर्टात तोंड दाखवायचं असतं."

"कोणती नावं कळवलीत?"

"डॉक्टर, बेकरीवाले, मास्तरीणबाई, ड्रायव्हर, छापखानेवाले."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. यादी अगदी बरोबर होती. त्यांनी वकिलांना जायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

५

वकिलांची यादी बरोबर होती, म्हणूनच वकील सुटत होते.

कुलूपवाल्याने पाच दारं बरोबर धरली नव्हती, चारच धरली होती. मास्तरीणबाईंना त्याने मुद्दाम सोडलं नव्हतं, त्याला त्या यादीत दिसल्याच नव्हत्या; ठराव मांडणारीचं मत वेगळं धरलं असेल असं समजून त्याने आकड्यांवरची पाच दारं लावली होती. आणि शिंप्याला त्याने उगाच धरलं नव्हतं. त्याने वहीत चारचा आकडा वाचला आणि चार म्हणजे शिंपी समजला. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत चार म्हणजे शिंपीच होता.

म्हणजे हा माणूस वही वाचू शकत होता. आकडे खुर्च्यांचे आहेत हे त्याला माहीत होतं, आणि नऊ खुर्च्या त्याला तोंडपाठ होत्या, म्हणून त्याने वर जाऊन तक्ता पाहिला नाही. पण खुर्च्या बदलल्याचं त्याला कळलं नव्हतं. सभागृहात येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. शिपायाने पाट्या हलवल्या होत्या, बातमीदाराने वरून पाहिलं होतं, वकील तक्ता वाचून आले होते.

कळलं नाही ते फक्त त्याला, जो वर येत नाही आणि जे काही जाणतो ते कागदावरून जाणतो. कागदावर ती नोंद नव्हती.

काल खोलीत तिघे आलेच नव्हते. चौघे आले होते. चौथा संध्याकाळी बाईंच्याच खुर्चीत बसला होता, त्यांनीच आणलेला चहा पीत, कच्च्या वहीवरून विषयपत्रिका तपासत. घरच्या माणसाला कोणी मोजतं का? पहाटे वस्तीत फिरताना त्याला पाहणाऱ्यांनीही मोजलं नव्हतं. विचारलं होतं अनोळखी माणसाबद्दल.

आणि शिंपी खोटारडा आहे, हे तो इतक्या ठामपणे कसं म्हणाला, तेही बाईंना आता उमगलं. त्याने शिंप्याचा पाठिंबा वहीत 'वाचला' होता.

त्यांना वाटलं, हे कोणालाच सांगू नये. सभा तहकूब होऊ द्यावी, वही कपाटात राहू द्यावी, उद्या दहाला काका नेहमीसारखे येतील. मग त्यांना शिंप्याची सून आठवली, आणि त्या उठल्या.

६

काका खिडकीशी बसले होते. बाईंनी कच्ची वही त्यांच्यापुढे उघडी ठेवली आणि चारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे कोण, काका?"

"शिंपी," ते म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई. तीन आठवडे झाले. मी नोंद केली नाही."

काकांनी वही मिटली आणि नीट बाजूला सरकवली.

"त्या वेळच्या अध्यक्षांचा फोन आला होता," ते म्हणाले. "मुली रस्त्यावर येतील, दंगल होईल, फाटक लावून घ्या. ठराव नाही, सभा नाही. मी चिठ्ठी लिहिली, सचिव म्हणून सही केली आणि स्वतः पहारेकऱ्याला नेऊन दिली. आग दुपारी लागली. मी परत गेलो तेव्हा पहारेकरी पळालेला, किल्ली त्याच्याकडे. ती चिठ्ठी त्या सीलबंद वहीत चिकटवलेली आहे."

"तुम्ही बाहेर होतात?"

"होतो. दार वाजत होतं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "पोरी, माझं काय राहिलंय? दोन-चार वर्षं. तेवढी मला सरळ मानेने काढू दे. कोणाला इजा करायची नव्हती मला. फक्त एक दुपार ते घरी राहावेत."

"कुलूपच का घातलंत?"

"माणसाला कशाची भीती वाटते ते मला एकच माहीत आहे."

बाई रडल्या. शहाण्या बाईने अशा वेळी रडू नये असं म्हणतात, पण त्या रडल्या आणि रडतारडताच बोलल्या. "काका, आज शिंप्याची सून पाऊण तास दार बडवत होती. कडेवर मूल होतं. घरात चूल पेटलेली होती. तुम्ही, तुम्ही हे केलंत! दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजू शकले असते."

काकांनी मान खाली घातली.

"मला जे येतं ते तुम्ही शिकवलंत," बाई म्हणाल्या. "पण मी आता वर जाऊन तुमचं नाव सांगणार आहे. फौजदारांनाही बोलावते. तुम्ही इथेच बसा."

"आणि मी निघून गेलो तर?"

"तर जा. मी दाराला कडी लावणार नाही."

त्या दार सताड उघडं ठेवून जिना चढल्या.

७

चारला सभा सुरू झाली. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. नाव आलं तेव्हा अध्यक्षांनी डोळे मिटले. मास्तरीणबाईंच्या हातातला रुमाल घट्ट आवळला गेला.

बेकरीवाल्यांना निरोप पाठवला होता. कुलूप कोणी घातलं ते कळलं, या, असा. त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. कळलं म्हणून भीती जातेच असं नाही.

म्हणजे हातात चार मतं होती.

अध्यक्षांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. डॉक्टर, होय. दोन नंबरचे, नाही. तिसरी खुर्ची रिकामी. मास्तरीणबाई, होय. पाच नंबर, नाही. ड्रायव्हर, होय.

सातव्या खुर्चीतला शिंपी उभा राहिला. त्याने गळ्यातली मोजपट्टी काढून हाताभोवती गुंडाळली.

"मी विरोधात होतो," तो म्हणाला. "गणवेशांचं काम आता जाणार, ते मला दिसतंय. पण सकाळी सून दार बडवत होती ना, तेव्हा मी आत होतो. साबण डोळ्यांत, अंगावर टॉवेल, आणि दार काही उघडेना. तिचा हात सुजलाय. त्या मुलींचे हात कोणी पाहिले? होय. माझं मत होय."

छापखानेवाले, होय. अध्यक्षांनी स्वतःचं मत नोंदवलं, तटस्थ, आणि मग खाकरून म्हणाले, "पाच. ठराव मंजूर."

सील बाईंनी तोडलं. पान सापडलं, चिठ्ठी सापडली, सही ओळखीची होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. परिषदेने उभं राहून माफी मागितली. पण त्या पानावर, त्या अख्ख्या वहीत, अकरांपैकी एकीचंही नाव नव्हतं.

"नावं हवीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माफी कोणाची मागितली ते लिहायला हवं. मला चौघींची आठवतात. बाकीच्यांच्या घरचे गाव सोडून गेले. गिरणीचं हजेरीपुस्तक जळालं."

त्या दोघी कागद घेऊन खाली उतरल्या. बाईंना वाटलं होतं खोली रिकामी असेल. काका तिथेच होते. शेजारी फौजदार टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

बाईंनी काय हवं ते सांगितलं. काकांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला सरकवून घेतली. मग डोळे न मिटता, बोटांवर न मोजता ते नावं सांगू लागले. नाव, बापाचं नाव, वय. बाई लिहीत होत्या. सातवं नाव मास्तरीणबाईंच्या बहिणीचं होतं.

"वय वीस," काका म्हणाले.

"एकोणीस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझी ताई एकोणीस वर्षांची होती."

"वीस. घरोघरचे मृत्यूचे दाखले मीच लिहून दिले. वाढदिवस आगीच्या आदल्या दिवशी झाला होता."

मास्तरीणबाई भिंतीला टेकल्या. त्यांचे ओठ हलत होते, त्या तारखा मोजत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "ती संपात आत बसली होती. घरी कोणाच्या लक्षातच आलं नाही."

सचिवबाईंनी वीस लिहिलं आणि पुढचं नाव विचारलं.